मारातला सनडाउनर: आधी घड्याळ, मग ग्लास

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांचं कुटुंब ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात केनियातल्या मसाई मारात चार रात्री राहणार आहे. आई-बाबा सत्तरीचे, शाकाहारी. मुलगी चौदाची, मुलगा नऊचा. सहा जणांत पिणारा एकच. हातात दोन कोटेशनं आहेत. महागड्यात रोज संध्याकाळी ‘सनडाउनर’ (सूर्यास्ताला गाडी थांबवून माळावर घ्यायचं पेय) लिहिलंय, स्वस्तातल्यात त्याचा उल्लेखच नाही. विचारणाऱ्यांचं म्हणणं: "जनावरं बघायला एवढ्या लांब जायचं आणि ऐन मोक्याच्या वेळी गाडी थांबवून ग्लास धरून उभं राहायचं, याचे पैसे कशाला द्यायचे? शिवाय उघड्यावर उतरणं सुरक्षित असतं का?"

शंका रास्त आहे. पण दोन कोटेशनांतला फरक पेयांचा नाही. चार घोट जिन आणि मूठभर काजू यांची किंमत तेवढी होत नाही. मी या सहली आखते आणि गटांबरोबर जातेही, त्यामुळे असं कोटेशन हातात आलं की मी आधी एकच गोष्ट बघते: कॅम्प नेमका कुठे आहे? मुख्य मसाई मारा नॅशनल रिझर्व्हमध्ये (किंवा त्याच्या गेटाबाहेर), की रिझर्व्हला लागून असलेल्या एखाद्या कॉन्झर्व्हन्सीत? मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी, ओल किन्येई ही त्यांतली काही नावं. या जमिनी मसाई कुटुंबांच्या मालकीच्या आहेत. कॅम्प त्यांना भाडं देतात आणि नियम तिथले वेगळे असतात. सनडाउनर होणार की नाही, हे जवळजवळ या एका गोष्टीवर ठरतं.

याचं कारण घड्याळात आहे. मारा विषुववृत्ताच्या दीडेक अंश दक्षिणेला. ऑगस्टअखेर तिथे सूर्य साधारण 6:40 ला मावळतो. रिझर्व्हमधली वेळ मात्र संध्याकाळी सहा-साडेसहालाच संपते. म्हणजे सूर्य वर असतानाच ड्रायव्हरला गाडी गेटाच्या किंवा कॅम्पच्या दिशेने वळवावी लागते. त्यातून रिझर्व्हमध्ये वाटेल तिथे गाडीतून उतरता येत नाही आणि रात्रीची सफारीही चालत नाही. तेव्हा स्वस्त कोटेशनात सनडाउनर नाही याचं कारण कंजूषपणा असेलच असं नाही. तिथे मोकळ्या माळावर तो नियमात बसतच नाही. काही लॉज आपल्या आवारालगत ठरलेल्या जागी टेबल मांडतात, ते चालतं. पण ते लॉजच्या व्हरांड्यात बसण्यापेक्षा फार वेगळं नसतं, आणि व्हरांडा फुकट असतो.

कॉन्झर्व्हन्सीत ही घाई नाही. गाडी रस्ता सोडून माळावर नेता येते, उतरता येतं, आणि अंधार पडल्यावर दिवा घेऊन सफारी करतच परतता येतं. तुमच्या पहिल्या शंकेचं उत्तर यातच आहे. रिझर्व्हमध्ये संध्याकाळी पाऊण तास थांबलात तर तो शेवटच्या प्रकाशातला पाऊण तास गेला, पुढे काहीच नाही. कॉन्झर्व्हन्सीत तो थांबा दिवसाची आणि रात्रीची सफारी यांच्या मधला विसावा असतो. नंतर तासभर तरस, कोल्हे, बॅट-इअर्ड फॉक्स (मोठ्या कानांचा छोटा कोल्हा), स्प्रिंगहेअर (कांगारूसारखा उड्या मारणारा छोटा प्राणी) असे अंधारात जास्त वावरणारे प्राणी बघत तुम्ही कॅम्पला येता. जास्तीचे पैसे या तासाचे आहेत, तिथे कमी गाड्या असण्याचे आहेत आणि जमिनीच्या भाड्याचे आहेत.

आता प्रत्यक्ष संध्याकाळ कशी जाते ते सांगते, म्हणजे थांबा कुठे फसतो तेही कळेल.

साडेतीनला कॅम्पवर चहा, चारला गाडी निघते. पेयांची मागणी या चहाच्या वेळीच सांगायची, गाडीत बसल्यावर नाही. गाईड डोंगरावर पोचून शीतपेटी उघडतो आणि आत फक्त बिअर आणि कोक निघतं, ही नेहमीची तक्रार असते. तिचं कारण बहुतेक वेळा एवढंच की कोणी काही सांगितलेलंच नसतं. गाईड 5:45 च्या सुमारास जागेच्या दिशेने सरकू लागतो आणि सव्वासहापर्यंत गाडी उभी करतो. टेबल, चादर, ग्लास मांडायला पाच-सात मिनिटं. मग सूर्यास्तापर्यंत वीसेक मिनिटं मिळतात, आणि सूर्यास्तानंतर आणखी वीसेक मिनिटं वाचता येईल एवढा उजेड असतो. आफ्रिकेत अंधार धपकन पडतो असं युरोपातून येणारे लिहितात, कारण त्यांच्याकडे संधिप्रकाश लांबतो. मुंबई-पुण्याच्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही, आपल्याकडेही जवळपास तेवढाच वेळ असतो. सात वाजता सामान गाडीत हवं.

सूर्य मावळायला किती वेळ उरलाय हे हातानेही कळतं. हात पूर्ण लांबवून मूठ धरली की ती आकाशात साधारण 10 अंश झाकते. सूर्य तासाला 15 अंश सरकतो आणि विषुववृत्ताजवळ तो जवळजवळ सरळ खाली उतरतो. म्हणून क्षितिज आणि सूर्य यांच्यात एक मूठ राहिली की चाळीस मिनिटं उरली. मुलाला हे काम द्या. मूठभर उरल्यावर गाईड अजून नदीकाठीच फिरत असेल तर त्याला हळूच विचारायला हरकत नाही.

मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी गाईडला स्पष्ट सांगा: समोर बिबट्या शिकारीच्या पवित्र्यात असेल किंवा चित्ता चालायला लागला असेल, तर थांबा रद्द. चांगले गाईड स्वतःहून हे करतात, पण काहींना वाटतं की पाहुण्यांनी पैसे भरलेत, टेबल मांडलंच पाहिजे. तुम्ही मोकळीक दिलीत की त्यांचंही ओझं उतरतं. मग गाडीतच बसून थर्मासमधला चहा प्यायचा. उलट बाजूही आहे. चार संध्याकाळपैकी चारही दिवस उतरायची गरज नाही. दोनदा पुरेसं होतं, बाकी दोन दिवस शेवटच्या प्रकाशात जनावरांमागे राहा.

आता सुरक्षितता. उतरणं सुरक्षित असतं का, याचं प्रामाणिक उत्तर: जागा कशी निवडली आणि उतरल्यावर माणसं कशी वागली, यावर आहे. जनावरांना गाडी आणि आतली माणसं मिळून एकच आकार दिसतो, म्हणून सिंह गाडीजवळून निवांत जातो. माणूस खाली उतरला की तो आकार मोडतो, आणि तिथून नियम बदलतात. म्हणून गाईड उंचवट्यावरची, आखूड गवताची, चारी बाजूंनी लांबवर दिसणारी जागा बघतो. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे (मोठ्या हरणवर्गीय जनावरांचे) कळप गवत खाऊन गेलेले असतात, त्यामुळे अशा जागा बऱ्याच मिळतात. टाळायच्या जागा दोन. एक म्हणजे लुग्गा, म्हणजे झुडपांनी भरलेला कोरडा ओढा. सिंह आणि बिबटे दिवसभर तिथल्या सावलीत असतात आणि निघायची वेळ नेमकी हीच. दुसरी म्हणजे नदीचा काठ. संध्याकाळी पाणघोडे चरायला बाहेर येतात, आणि पाणघोडा व पाणी यांच्या मधोमध आपण असणं हे सर्वांत वाईट. मगरींचं वेगळं सांगायला नको.

गाईडने गाडी उभी केल्यावर लगेच उतरू नका. तो आधी दुर्बिणीतून बघेल, मग गाडीभोवती चक्कर मारेल, मग "या" म्हणेल. ही चक्कर न मारता कोणी सगळ्यांना उतरवत असेल तर मी त्याला थांबवते आणि चक्कर मारायला सांगते. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. खाली आल्यावर गाडीपासून आठ-दहा पावलांच्या आत राहायचं. फोटोसाठी "जरा त्या झाडापर्यंत" जायचं नाही. मुलाने धावायचं नाही, पकडापकडी तर मुळीच नाही. नऊ वर्षांच्या मुलाला नुसतं "धावू नकोस" म्हणून भागत नाही, हाताला काम द्यावं लागतं: दुर्बीण, लिंबाच्या फोडी वाटणं, मुठीने सूर्य मोजणं. काही दिसलंच तर गाईड शांतपणे "गाडीत" म्हणेल. तेव्हा ग्लास तिथेच ठेवायचा आणि चालत जायचं.

मोठ्या जनावरांपेक्षा पायाखालच्या गोष्टी जास्त त्रास देतात. अंधुक उजेडात रानडुकराच्या किंवा आर्डव्हार्कच्या (मुंग्या खाणाऱ्या, बीळ खणणाऱ्या प्राण्याच्या) बिळात पाय जाऊन घोटा मुरगळतो. पावसानंतर सियाफू मुंग्यांच्या रांगा निघतात. त्या चावल्याशिवाय कळत नाहीत आणि पँटच्या आतून वर चढतात. उभं राहण्याआधी जमीन बघा, बंद बूट घाला, मोजे पँटवर ओढून घ्या.

आई-बाबांसाठी दोन गोष्टी कॅम्पला आधी कळवा. लँड क्रूझरची पायरी उंच असते, म्हणून उतरायला छोटं स्टूल आणि बसायला दोन घडीच्या खुर्च्या गाडीत ठेवा म्हणावं. ज्यांना उतरायचं नाही त्यांना वरच सीटवर ग्लास द्यायचा. उघड्या गाडीतून वरून दिसतंही जास्त. दुसरं म्हणजे थंडी. मारा सुमारे 1,500 मीटर उंचीवर आहे. दुपारी टी-शर्टवर फिरलेली माणसं सात वाजता चालत्या उघड्या गाडीत कुडकुडतात. गाडीत मसाई शुका (अंगावर घ्यायच्या चादरी) आणि ब्लँकेटं असतात, तरी स्वेटर आणि कानटोपी स्वतःची हवी.

लघवीची सोय हा कोणी न विचारलेला पण सगळ्यांच्या मनातला प्रश्न. पद्धत अशी की गाईडने तपासलेल्या बाजूला, गाडीच्या मागे, एकेकाने जायचं, बाकीच्यांनी समोर सूर्याकडे बघायचं. दक्षिण आफ्रिकेत याला "टायर तपासून येतो" म्हणतात. झुडपाचा आडोसा शोधू नका, झुडपात आधीच कोणी बसलेलं असू शकतं. टिश्यू जमिनीत पुरायचा नाही, छोट्या डबीत घालून परत आणायचा. आजींना अवघड वाटत असेल तर निघण्याआधी चहा अर्धा कप घ्या आणि पाणी सूर्यास्तानंतर प्या.

आता पेयं. सनडाउनर हा शब्द आणि जिन-टॉनिक ही जोडी ब्रिटिश वसाहतींच्या काळातली. टॉनिकमध्ये सिंकोनाच्या सालीतलं क्विनाइन असतं, म्हणून "मलेरियावर औषध" असं हसत-हसत सांगतात. हसण्यावारीच न्या. अमेरिकेत टॉनिकमध्ये लिटरला जास्तीत जास्त 83 मिलिग्रॅम क्विनाइन चालतं, आणि मोठ्या माणसाच्या उपचारातला एक डोस सुमारे 600 मिलिग्रॅमचा, तोही दिवसातून तीनदा. म्हणजे एका डोससाठी सात लिटर टॉनिक झालं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून वेळेवर सुरू करा. अ‍ॅनॉफिलीस डास चावायला निघतात ती वेळ आणि सनडाउनरची वेळ एकच आहे, म्हणून सहाच्या आत पूर्ण बाह्या, आणि घोट्यांना, पावलांना रिपेलंट. लोक हात-तोंडाला लावतात आणि पाय विसरतात. डास खालीच जास्त चावतात.

पिणाऱ्या एकट्यासाठी केनियातला खरा पर्याय ‘दावा’. स्वाहिलीत दावा म्हणजे औषध, आपल्या दवेचा सख्खा भाऊ, दोन्ही अरबीतून आलेले. 50 मिली व्होडका, अर्ध्या लिंबाच्या फोडी, दोन चमचे मध, भरपूर बर्फ, आणि मधात बुडवलेली जाड काडी, जिने फोडी चेचत राहायचं. मध थंडात विरघळत नाही, तळाशी गोळा होऊन बसतो, म्हणून तो आधी दोन चमचे कोमट पाण्यात फेटून घ्यायला सांगा. व्होडकाऐवजी सोडा घातला की तोच दावा मुलांना आणि आजी-आजोबांना देता येतो. रंगरूप सारखंच, त्यामुळे कोणी वेगळं पडत नाही. त्याशिवाय टस्कर बिअर आहे, आणि न पिणाऱ्यांसाठी स्टोनी टांगाविझी, म्हणजे आल्याचं झणझणीत सरबत, क्रेस्ट बिटर लेमन, ताजा पॅशनफ्रूटचा रस. दक्षिण आफ्रिका किंवा झांबियाला गेलात तर रॉक शँडी मागा: निम्मं लेमोनेड, निम्मा सोडा, वर अँगोस्टुरा बिटर्सचे तीन-चार थेंब. तिला बिनदारूची म्हणतात, पण ते बिटर्स 44.7 टक्के अल्कोहोलचे असतात. थेंबांनी काही होत नाही, पण आई-बाबांना दारू पूर्ण वर्ज्य असेल तर "बिटर्स नको" म्हणा.

प्रमाण किती? एक, फार तर दोन. उंची, दिवसभराचं ऊन आणि कमी प्यालेलं पाणी यामुळे दुसरा पेग घरच्यापेक्षा लवकर चढतो, आणि पुढे तासभर खडबडीत रस्ता असतो. आणि गाईडला आग्रह करू नका. आपल्याकडे "अहो, घ्या हो थोडं" हे प्रेमाचं असतं, पण तो गाडी चालवणार आहे आणि तुमची जबाबदारी त्याच्यावर आहे. त्याच्या हातात सोडा द्या, टिप शेवटच्या दिवशी द्या.

खाण्यात शाकाहारी माणसं फसतात ती नावांमुळे. बिल्टाँग म्हणजे वाळवलेलं मांस, ड्रोएवोर्स म्हणजे वाळवलेलं सॉसेज, हे बहुतेकांना माहीत असतं. पण दक्षिण आफ्रिकेत ‘चिली बाइट्स’ म्हटलं तर कधी तिखट बिल्टाँगचे तुकडे येतात आणि कधी बेसनाची भजी! विचारूनच तोंडात टाका. केनियात तुमचं बरं चालेल. तिथल्या भारतीय वस्तीमुळे समोसे, बटाट्याची भजिया आणि चेवडा ही तिथली रोजची नावं झाली आहेत. समोशात खिमाही असतो, तेवढं मात्र सांगून ठेवायचं. "व्हेजिटेरियन" एवढंच लिहून थांबू नका. मांस, मासे, अंडं यांतलं काय चालत नाही ते एकेक लिहा.

घरचा चिवडा, बाकरवडी न्यायची असेल तर स्टीलच्या डब्यात. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि जून 2020 पासून राष्ट्रीय उद्यानांसारख्या संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरायचं प्लास्टिकही चालत नाही. पाण्यालाही स्टीलची बाटली. लिंबाची साल, शेंगांची टरफलं, काहीही माळावर टाकायचं नाही, "कुजेल की" म्हणूनसुद्धा नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी ऑगस्टच्या वाळक्या गवतात ती काढूच नये.

ढगांचं मात्र काही करता येत नाही. मारात दुपारनंतर ढग जमतात आणि काही संध्याकाळी सूर्य नुसताच राखाडी होऊन जातो. म्हणून ‘चांगला’ सनडाउनर शेवटच्या दिवसावर ठेवू नका. कॉन्झर्व्हन्सीतल्या पहिल्याच संध्याकाळी धरा, हुकला तर पुढची आहे. आणि सूर्य बुडाला की लगेच तिथून निघायची घाई करू नका. चंद्र मोठा नसेल तर सात-सव्वासातला वृश्चिक जवळजवळ डोक्यावर आलेला असतो. आपल्याकडून तो दक्षिणेला कललेला दिसतो, इथे ज्येष्ठा बघायला मान चांगलीच वर करावी लागते. नैऋत्येला क्षितिजाजवळ त्रिशंकूही दिसतो. गाईडला दोन मिनिटं सगळे दिवे बंद करायला सांगा, मात्र तेव्हा सगळे गाडीत बसलेले हवेत.

मग कोणतं कोटेशन घ्यायचं? माझ्या मते दोन्हीतलं थोडं. दोन रात्री रिझर्व्हमध्ये किंवा त्याच्या जवळ ठेवा, कारण ऑगस्टअखेर विल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात ते बघायचं तर दिवसभर तिथेच थांबावं लागतं. त्या दोन दिवसांत सनडाउनर विसरा, लॉजच्या पायरीवर बसून चहा प्या. नंतरच्या दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत. हा क्रम उलटा केलात तर मोकळ्या माळानंतर रिझर्व्हमधली गाड्यांची गर्दी नकोशी वाटते. बजेट ताणत असेल तर कॉन्झर्व्हन्सीची एकच रात्र घ्या, पण ढगांचा धोका मग तुमचा.

पैसे भरण्याआधी कॅम्पला चार प्रश्न लेखी विचारा. कॅम्प कॉन्झर्व्हन्सीच्या हद्दीत आहे की फक्त हद्दीजवळ? रात्रीची सफारी किमतीत धरली आहे का? कोणती पेयं समाविष्ट आहेत? (बहुतेक ठिकाणी बिअर, वाइन आणि साधी स्पिरिट्स असतात, शॅम्पेन आणि भारी व्हिस्कीचं बिल वेगळं लागतं.) आणि गाडी फक्त आपल्या सहा जणांची आहे की इतर पाहुण्यांबरोबर? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत. गाडीत अनोळखी जोडपं असेल तर कधी थांबायचं, किती वेळ थांबायचं आणि बिबट्यासाठी टेबल रद्द करायचं की नाही, हे तुम्ही एकटे ठरवू शकत नाही. सहा जणांत पूर्ण गाडीचा जास्तीचा खर्च फार येत नाही, त्याचा आकडा विचारून बघाच.